शेवटचे कडवे आणि हीटरची तार

एकदा एका गृहस्थाला आपल्या आईचा हरवलेला आवाज तिला परत द्यायचा होता. आवाज हरवला होता म्हणजे आई मुकी झाली होती असे मुळीच नव्हे. भाजीवाल्याशी, शेजारणीशी आणि मुलाशी ती उत्तम वाद घालत असे. हरवले होते ते तिचे गाणे.

लग्नाआधी ती गात असे. एकदा तर नभोवाणीवर तिचे तीन कडव्यांचे एक गीत झाले होते आणि तिच्या थोरल्या भावाने घरच्या रेडिओला तार जोडून ते टेपच्या फितीवर उतरवून घेतले होते. पुढे लग्न झाले, संसार आला आणि गाणे स्वयंपाकघरात गुणगुणण्यापुरते उरले. मग एका दिवाळीला भावाने ती फीत हौसेने आणली आणि कुठल्याशा लहानग्या यंत्रावर सर्वांना वाजवून दाखवली. यंत्रातून जे बाहेर पडले ते ऐकून बहिणीचा चेहरा उतरला. हा माझा आवाज नव्हेच, पत्र्याच्या डब्यात कोंडलेल्या पोरीचा आहे, असे ती म्हणाली. शिवाय शेवटचे कडवे तर यात नाहीच, अशीही तिची तक्रार होती. तक्रार खरी होती, कारण भावाची फीत दुसऱ्या कडव्यापाशीच संपली होती. पण त्या दिवसापासून तिने गुणगुणणेही सोडले. इतकी वर्षे आपण उगाचच स्वतःला गाणारी समजत होतो, असे तिने मनाशी ठरवून टाकले.

माणसे स्वतःविषयी असे निकाल फार झटपट लावतात आणि मग त्यावर अपीलही करीत नाहीत. मुलाला मात्र हे लागून राहिले. सकाळी पोळ्या पूर्वीसारख्याच मऊ होत, पण त्यांच्याबरोबर येणारा सूर आता येत नसे. मामाकडून फीत मागून घेऊन त्याने कपाटात जपून ठेवली.

हा मुलगा शाळेत भूगोल शिकवी. त्याला छंद होता व्हॉल्व्हचे ॲम्प्लिफायर बांधण्याचा. जुन्या रेडिओत ज्या काचेच्या नळ्या मंद पेटलेल्या दिसत, ते व्हॉल्व्ह. बारीक आवाजाला ते बळ देतात, आणि ज्यांना त्यांचे वेड लागते त्यांना दुसरा कोणताही आवाज रुचत नाही. ही विद्या तो एका वृद्ध प्राध्यापकांकडून शिकत होता. आयुष्यभर पदार्थविज्ञान शिकवून ते निवृत्त झाले होते, आणि आता पदार्थ व विज्ञान या दोहोंवर त्यांचे सारखेच प्रेम होते. कोणी दारात आले की आधी विचारीत, जेवलास का. आपण त्यांना गुरू म्हणू आणि याला शिष्य. त्याचे खरे नाव पुढे कळेलच.

फीत पाहिल्यावर गुरूंनी ती बोटावर घेऊन उजेडात धरली. बोटाला तपकिरी भुकटी लागली. ते गंभीर झाले. ही झडायला लागली आहे, फार तर एकदा वाजेल, दुसऱ्यांदा वाजली तर नशीब, असे त्यांनी सांगितले. म्हणजे आईला तिचा आवाज ऐकवण्याची एकच संधी होती आणि ती त्याच्या स्वतःच्या हातच्या यंत्रावर अवलंबून होती. त्याने ठरवले, या कामाला व्हॉल्व्ह घ्यायचे ते सर्वोत्तम.

जुन्या बाजारात एक व्यापारी होता. व्हॉल्व्ह विकण्यापेक्षा त्यांचे वर्णन करण्यात त्याला अधिक आनंद मिळे. त्याने आतल्या खोलीतून एक जोडी आणली. भरदार काच, खांद्याला बाक, दोघांचे वजन आणि गुण जुळवलेले. "साहेब, हिच्यापुढे बाकीचे व्हॉल्व्ह म्हणजे नुसते दिवे," तो म्हणाला. शिष्य हुरळून गेला. व्यापाऱ्याने जोडी कापसात गुंडाळून खोक्यात ठेवली आणि ती हलू नये म्हणून बाजूच्या पोकळीत आणखी दोन व्हॉल्व्ह कोंबले. हे कोणते, असे शिष्याने विचारले. ते जुन्या टीव्हीतले, त्यांच्या हीटरला भलतेच व्होल्टेज लागते, ते कोणाकडे नसते म्हणून त्यांना कोणी विचारीत नाही, असे सांगून व्यापाऱ्याने खोक्याला सुतळी बांधली.

शिष्याने ॲम्प्लिफायर मन लावून बांधला. प्रत्येक व्हॉल्व्हच्या पोटात एक बारीक तार असते. ती तापली की व्हॉल्व्ह जागा होतो. तिला हीटर म्हणतात. या हीटरना वीज देणाऱ्या तारा त्याने अशा सुबक टाकल्या की पाहत राहावे. एकमेकींपासून सारख्या अंतरावर, कोपऱ्यात काटकोनात वळलेल्या, नकाशातल्या रेघांसारख्या. व्हॉल्व्ह बसवण्यापूर्वी त्याने हीटरचे व्होल्टेज मोजले. हवे तेवढे होते, किंचित जास्तच. मग ती प्रसिद्ध जोडी बसवून त्याने कळ दाबली. काचेत नारिंगी उजेड उमलला. त्याने आईला हाक मारली.

आईने पदराला हात पुसत पाहिले. देव्हाऱ्यातल्यासारखे दिसते आहे, असे म्हणून तिने कौतुक केले. मात्र त्यावर ती फीत मला ऐकवायची नाही, हेही तिने त्याच दमात सांगून टाकले.

शिष्याने हात टेकले. त्याने ही अडचण गुरूंना सांगितली, तेव्हा ते खुशीत हसले. त्यांनी आईला निरोप पाठवला की रविवारी सकाळी मी येतो आहे, तुम्हाला काहीही ऐकवणार नाही, उलट काही न ऐकण्यासाठीच तुम्ही बसायचे आहे. असे विचित्र आमंत्रण आईला जन्मात कोणी दिले नव्हते. कुतूहलाने तिने होकार दिला आणि पोह्यांची तयारी केली.

रविवारी गुरू आले, पोहे दोनदा घेतले, आणि मग ॲम्प्लिफायरसमोर बसले. ॲम्प्लिफायरला जोडलेल्या टेपरेकॉर्डरवर फीत चढवलेली होती. शिष्याचा हात आपोआप तिच्याकडे गेला, तसा गुरूंनी तो धरला. त्यांनी आवाजाचे बटण पूर्ण फिरवले, फीत तशीच थांबलेली ठेवली आणि आईकडे वळून विचारले, "ताई, काय ऐकू येतं?"

आईने मान किंचित कलती केली. "भुंगा," ती म्हणाली. "खिडकीत अडकल्यासारखा. खर्जात आहे. पेटीतल्या पांढरी पाचच्या जवळ, पण किंचित चढा."

गुरूंनी भुवया उंचावल्या. आपल्या घराघरांत येणाऱ्या विजेची गुणगुण नेमकी त्याच जागी असते हे त्यांना ठाऊक होते. पण पेटी समोर नसताना कोणी ती जागा अशी सांगितलेली त्यांनी कधी ऐकली नव्हती. त्यांचे हे नवल आईच्या ध्यानात आले नाही, ती रिकाम्या बशा उचलत होती.

शिष्याचे कान मात्र लाल झाले होते. भुंगा त्यालाही ऐकू येत होता. गाणे सुरू झाले की तो झाकला जाईल, अशी त्याने स्वतःची समजूत घातली होती. आता तो घाईघाईने म्हणाला, की व्हॉल्व्ह बदलतो, याहून भारी जोडी आणतो. गुरूंनी यंत्राच्या पोटात मीटर लावून एकदा आकडा पाहिला, यंत्र बंद केले आणि काच निवेपर्यंत शिष्याला गप्पांत गुंतवून ठेवले. मग त्यांनी ती प्रसिद्ध जोडी अलगद उपसली, कापसात गुंडाळली आणि खोक्यात परत ठेवली. त्याच खोक्यातून ते दोन टीव्हीतले व्हॉल्व्ह, जे केवळ जोडी हलू नये म्हणून आले होते, त्यांनी बाहेर काढले, धोतराच्या सोग्याने पुसले आणि शिष्याच्या हातावर ठेवले.

"हे बसव," ते म्हणाले. "आणि पुढच्या रविवारपर्यंत माझ्यासमोर फक्त हीटरचं बोलायचं. गाण्याचं नाही."

शिष्याला वाटले, म्हाताऱ्याची बुद्धी चळली. असे वाटले तरी तो बोलला नाही, एवढे शहाणपण त्याच्याकडे होते. शाळा सुटली की रोज तो गुरूंकडे जाई किंवा गुरू त्याच्याकडे येत. जुनी सॉकेट काढून नवी बसवली. आपल्या माळ्यावरून गुरूंनी एक बुटका ट्रान्सफॉर्मर शोधून आणला. तो कधीकाळी कशासाठी गुंडाळला होता हे त्यांनाही आठवत नव्हते, पण दोन्ही हीटरना मिळून जेवढे व्होल्टेज लागे तेवढे तो नेमके देत होता. मग त्यांनी शिष्याच्या त्या काटकोनी, देखण्या तारा कापून टाकल्या. ते पाहताना शिष्याला जेवढे दुःख झाले तेवढे त्याला वार्षिक परीक्षेचे पेपर तपासतानाही होत नसे.

नव्या तारा एकमेकींत घट्ट पिळायच्या होत्या. शिष्याने पिळल्या त्या सैल निघाल्या. आई दारात उभी राहून पाहत होती. तिला ते बघवेना. तिने तारा ओढून घेतल्या, एक टोक त्याला धरायला लावले आणि वेणी घालावी तसा पीळ भरत गेली, टोकापासून टोकापर्यंत एकसारखा.

इथे शिष्याचा धीर सुटला. गेले कित्येक दिवस आपण त्या तापणाऱ्या तारेची सेवा करतो आहोत, जी गात नाही, जिच्यातून सूर जात नाही. आणि जे गाणार आहेत ते व्हॉल्व्ह तुम्ही खोक्याच्या भरतीतून उचलले, असे तो गुरूंना म्हणाला. आवाज त्याने चढवला नाही, पण त्यात दुखावलेपण होते. गुरू याचीच वाट पाहत होते असे दिसले, कारण त्यांनी हातातले लाडवाचे ताट खाली ठेवले.

"सदानंद, तू हीटरचं व्होल्टेज मोजलंस ते केव्हा? व्हॉल्व्ह बसवायच्या आधी. अरे, पंगत बसायच्या आधी भाताचं पातेलं भरलेलंच दिसतं. तुझे ते दोन पाहुणे फार मोठे होते. त्यांच्या हीटरना भरपूर करंट लागतो. ते पानावर बसल्याबरोबर तुझं पातेलं खरवडलं गेलं. नारिंगी उजेड पाहून तू खूश झालास, पण ते उपाशी होते. मी मीटर लावून पाहिलं ते एवढंच. आणि एवढा करंट ज्या तारांतून धावतो त्या तू एकमेकींपासून लांब ठेवल्यास, अर्थिंगला कुठे टेकवल्याही नाहीस. मग त्या गुणगुणणार नाहीत तर काय करतील? हे दोघे साधे आहेत. व्होल्टेज जास्त मागतात, पण करंट अगदी थोडा घेतात. एकाचा घेऊन झाला की तोच दुसऱ्याकडे जातो. माझ्याकडे जे आहे त्यात यांचं पोट भरतं. म्हणून यांना निवडलं. कोण चांगलं गातो हे सगळेच विचारतात. त्याला ऊब कोण देणार आणि त्या ऊब देणाऱ्याला आपण काय वाढणार, हे आधी विचारायचं असतं."

शिष्य ऐकत राहिला. एवढ्यावर थांबते तर ते गुरू कसले. शिकवण्याच्या भरात त्यांनी पुढे असेही सांगितले की हीटरचे मोठेपण त्याच्या मौनात आहे. तो स्वतः तापतो, दुसऱ्याला गाते करतो आणि त्याचा आवाज कधीही कोणाला ऐकू येत नाही. तो ऐकू आला तर समजावे, काहीतरी चुकले आहे. शिष्याला हे वाक्य फार आवडले. आईचे हात मात्र पीळ भरता भरता क्षणभर थांबले. तिने गुरूंकडे पाहिले आणि उरलेला पीळ जरा अधिकच घट्ट भरला.

पुढचा रविवार उजाडला. खिडकीतून कोवळे ऊन थेट ॲम्प्लिफायरवर आले होते. त्या दोन व्हॉल्व्हना ना बाकदार खांदे होते ना भरदार काच. डोक्यावर एकेक टोपी घालून ते पोस्टमनसारखे उभे होते. कळ दाबल्यावर ते सावकाश तापले. गुरूंनी आवाजाचे बटण पूर्ण फिरवले आणि पुन्हा तेच विचारले.

आईने डोळे मिटले. शिष्याने जिवाचे कान केले.

"पलीकडे कोणीतरी खलबत्त्यात कुटतंय," आई म्हणाली. "वेलदोडे असावेत. नळ नीट बंद झालेला नाही. आणि सदाचा श्वास मोठ्यानं चाललाय."

"आणि यंत्रातून?"

"यंत्र सुरू झालं का?" आईने विचारले.

गुरूंनी शिष्याच्या पाठीवर अशी थाप मारली की तो पुढे कलला. एवढ्या मोठ्या आनंदात त्यांना एकही शास्त्रीय शब्द सुचला नाही. त्यांनी नुसते फितीकडे बोट केले आणि शिष्याने ती सुरू केली. आई उठलीच होती, कारण तिच्याशी झालेला करार काही न ऐकण्याचा होता आणि तो पूर्ण झाला होता. ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत पोचली असेल, तोच खोलीत एक भारदस्त पुरुषी आवाज उमटला. तो म्हणाला, आता गात आहेत कुमारी शरयू टिपणीस.

आई तिथेच थांबली. हे नाव घेऊन तिला कोणी हाक मारल्याला किती वर्षे झाली होती, कोण जाणे. शिष्यालाही क्षणभर कळले नाही की ही कोण मुलगी. मग ती मुलगी गाऊ लागली.

आवाज डब्यातला नव्हता. तो खोलीत उभा होता. सुरुवातीला थोडा बुजलेला, पहिल्या कडव्याच्या मध्यावर मोकळा झालेला, आणि दुसऱ्या कडव्यात तर मस्तीत आलेला, वीस-बावीस वर्षांच्या मुलीचा, जिला आपण चांगले गातो हे पक्के माहीत आहे. श्वास घेतलेला ऐकू येत होता. एका जागी ती किंचित हसल्यासारखी वाटली. शिष्याच्या डोळ्यांना धारा लागल्या आणि त्या पुसायचे त्याला भान राहिले नाही. त्याने आईकडे पाहिले. ती दाराच्या चौकटीला टेकली होती, आणि तिची बोटे चौकटीवर ताल धरत होती.

दुसरे कडवे संपले आणि फितीचे टोक सुटून चाकावर फटफट आपटू लागले. शिष्याने टेपरेकॉर्डर थांबवला. खाली तपकिरी भुकटी पडली होती. पुन्हा वाजण्यासारखी ती फीत राहिली नव्हती, हे तिघांनाही दिसले.

"माझाच होता की रे आवाज," आई म्हणाली.

शिक्षकाला भरून आले की तो गप्प बसत नाही, दृष्टांत देतो. ते शिष्याला म्हणाले, "पाहिलंस? हा तुझ्या घरचा हीटर. जन्मभर सगळ्यांना ऊब दिली आणि आवाज म्हणून केला नाही."

त्यांनी हे मनापासून, गौरव म्हणूनच म्हटले होते. शिष्यानेही मान डोलावली. आई चौकटीपासून पुढे आली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. उलट फितीतली ती मुलगी जिथे हसल्यासारखी वाटली होती, तसेच काहीसे हसू होते.

"गुरुजी, तारेचं तुम्ही सांगितलंत ते पटलं," ती म्हणाली. "पण तारेला गळा नसतो."

एवढे बोलून ती पाटावर बसली, पदर सारखा केला, आणि जिथे फीत संपली होती तिथून तिने तिसरे कडवे उचलले.

आवाज सत्तरीला टेकलेला होता. वरच्या स्वरावर तो थरथरला, एकदा श्वास पुरला नाही. पण सूर जागचा हलला नाही, आणि त्या मुलीने दुसऱ्या कडव्यात जी मस्ती आणली होती ती तिसऱ्यात आणखी चढली. पलीकडचा खलबत्ता थांबला. शिष्याला कळले की शेवटचे कडवे फितीत नव्हते म्हणून ते हरवले असे आपण समजत होतो; ते इतकी वर्षे रोज सकाळी आपल्यासमोर पोळ्या लाटत होते, आणि त्याला वाढायचे मात्र आपण विसरलो होतो.

ॲम्प्लिफायर अजून चालूच होता. त्याच्याकडे कोणी पाहत नव्हते. गुरूंनी हात लांब करून तो हळूच बंद केला. गाणे संपल्यावर त्यांनी दृष्टांत दिला नाही. त्यांनी हात जोडले आणि विद्यार्थ्याने विचारावे तसे विचारले, "पुन्हा एकदा म्हणाल का?"

"म्हणते," आई म्हणाली. "पण आज चहा सदा करील."

सदानंद उठला आणि आयुष्यात पहिल्यांदाच चहाचे आधण ठेवताना त्याने कान बाहेर ठेवले. वाचकहो, आपल्या घरात ऊब असेल तर ती कोणाची हे आपल्याला ठाऊक असतेच. तिला गायचेही आहे का, एवढे एकदा विचारून पाहावे.